पानाचा ठावठिकाणा : पेरूच्या पानांतील सुगंधी तेलाविषयी

पेरूचे कोवळे पान उजेडाकडे धरून पाहिले की त्याच्या हिरव्या अंगात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. ती छिद्रे नव्हेत, तेलाच्या पिशव्या आहेत. लवंग, निलगिरी आणि जांभूळ ही पेरूची भावंडे. मिर्टेसी कुळातल्या या सगळ्यांच्या पानांत अशा पिशव्या असतात. पान चुरगाळले की त्या फुटतात आणि किंचित तुरट, किंचित मिरीच्या अंगाने जाणारा, मागे ओल्या लाकडाची छटा ठेवणारा वास येतो. पिकल्या फळाच्या गोड घमघमाटाशी या वासाचे फारसे नाते नाही. फळाचा वास बराचसा एस्टर आणि अल्डिहाइड यांचा असतो, पानाचा टर्पीनांचा. हे पुस्तक पानाच्या वासाबद्दल आहे.

‘पेरूच्या पानांच्या तेलात नेमके असते काय?’ हे रसायनशास्त्राचे विद्यार्थी विचारतात, औषधी तेलांचा व्यापार करणारे विचारतात. छाटणीनंतर बांधावर पडलेल्या फांद्यांचे काय करावे या विचारात असलेले बागायतदारही विचारतात. प्रश्न सरळ असल्यामुळे चार नावे आणि चार टक्केवाऱ्या एवढ्या सरळ उत्तराची अपेक्षा असते. तसे उत्तर देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हेच या पुस्तकाचे सूत्र आहे. नायजेरियातल्या एका नमुन्यात लिमोनीन सुमारे ४२ टक्के निघाले आणि त्याखालोखाल बीटा-कॅरिओफायलीन. ट्युनिशियाच्या तेलात विरिडिफ्लोरॉल एक तृतीयांशाहून अधिक होते. नेपाळच्या नमुन्यात नेरोलिडॉलने तेवढीच जागा व्यापली होती. ब्राझीलमधल्या एका तेलात अल्फा-पायनीन आणि १,८-सिनिऑल आघाडीवर होते, तर इजिप्तमधल्या तेलात पुन्हा बीटा-कॅरिओफायलीन. झाडाची जात एकच, सिडियम ग्वाजावा. पान तेच, ऊर्ध्वपातनाची रीतही बहुतेक ठिकाणी तीच, आणि तरी पाच देशांची पाच तेले. त्यांतले कोणते खरे, असे विचारण्यात अर्थ नाही. सगळीच खरी आहेत. अपुरी आहे ती झाडाचा ठावठिकाणा न सांगता छापलेली टक्केवारी.

हे मी काशीच्या शिंदे घाटावरून लिहितो आहे. घाटावर पेरूची बाग नाही. इथे दगडाच्या पायऱ्या आहेत, शेजारी मणिकर्णिका आहे आणि पाण्याच्या काठाशी कललेले रत्नेश्वराचे देऊळ आहे. हा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधवला. कागलच्या घाटग्यांची ही लेक, दौलतराव शिंद्यांच्या मागे ग्वाल्हेरचा कारभार सांभाळणारी. त्याच्या दोन वर्षे आधी, १८२८मध्ये, ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही तिनेच उभारला होता. घाटाचे बांधकाम एवढे जड झाले की ते स्वतःच्याच वजनाने नदीच्या गाळात खचले. कागलचा पाया काळ्या खडकाचा आणि काशीचा गंगेने आणून टाकलेल्या मातीचा. एकाच हाताचे, एकाच मापाचे काम दोन जमिनींवर दोन तऱ्हांनी बसते, हे या घाटाइतके स्पष्ट दाखवणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगेच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनाही हे निराळे सांगायला नको.

थंडीत बनारसच्या ठेल्यांवर इलाहाबादी अमरूद येतो. प्रयागराज आणि कौशांबीच्या पट्ट्यातून आलेला गोल, गुळगुळीत, पांढऱ्या गराचा सफेदा. कधी सफरचंदासारखा लाल सालीचा सुर्खा, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फळ ताजे आहे हे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून देठाशी एक-दोन पाने राहू देतात. फळ विकले जाते आणि पान फेकले जाते. मराठी वाचकाला या सफेद्याविषयी एक गोष्ट माहीत असायला हवी. महाराष्ट्रात ज्याला आपण ‘सरदार’ किंवा ‘लखनौ-४९’ म्हणतो तो पेरू याच मैदानाचा वंशज आहे. अलाहाबाद सफेदा जातीच्या, लखनौकडून आलेल्या बियांपासून पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत रोपे वाढवण्यात आली आणि त्यांतून १९२७मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी हे झाड निवडले. निवडीची कसोटी सगळी फळाची होती: गर किती, बी किती, गोडी किती, झाड पसरते कसे, धरते किती. आज राहात्यासारख्या किती तरी गावांत उभ्या असलेल्या सरदारच्या बागा त्या एका झाडाच्या कलमांच्या आहेत. गेल्या शंभर वर्षांत त्या झाडाच्या फळाविषयी जेवढे लिहिले गेले, त्याच्या तुलनेत पानाविषयीचे लेखन फारच थोडे आहे.

पेरू मुळात अमेरिकेच्या उष्ण प्रदेशाचा. पोर्तुगीज जहाजांच्या काळात तो भारतात आला आणि इथलाच असल्यासारखा रुजला. चरक-सुश्रुतांना हे झाड ठाऊक नव्हते. म्हणून ‘प्राचीन ग्रंथांत सांगितलेले पेरूपर्णतेल’ अशा मजकुराची बाटली दिसली तर ती खुशाल खाली ठेवावी. पानांचा घरगुती उपयोग मात्र आपल्याकडे खोल रुजला आहे. पोट बिघडले की कोवळे शेंडे चावायचे किंवा पानांचा काढा घ्यायचा. हा काढा आणि हे तेल यांची गल्लत होते, तिच्याकडे मी पुढे येतो. आधी तेलाचे रसायन.

टर्पीनांचा पाया म्हणजे पाच कार्बनांचा एक तुकडा, आयसोप्रीन. असे दोन तुकडे जोडले की दहा कार्बनांचे मोनोटर्पीन होते, तीन जोडले की पंधरा कार्बनांचे सेस्क्विटर्पीन. ओटो वालाख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गोंधळलेल्या कुळात पहिली शिस्त आणली आणि १९१०मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुढे लिओपोल्ड रुझिच्का यांनी आयसोप्रीनच्या नियमाला पक्के रूप दिले. त्यांना नोबेल मिळाले १९३९मध्ये. पेरूच्या पानाच्या तेलात बहुतेक वेळा सेस्क्विटर्पीनांचे राज्य असते. त्यांतले सर्वांत जास्त ठिकाणी सापडणारे नाव बीटा-कॅरिओफायलीन. लवंगेत, मिरीत, भांगेत आणि विड्याच्या पानातही हाच रेणू असतो, त्यामुळे चुरगाळलेल्या पेरूच्या पानाचा वास मिरीच्या वळणाचा वाटतो तो भास नव्हे.

झाड हा रेणू कसा घडवते ते पाहिले की पाच देशांच्या पाच तेलांचे कोडे बरेचसे सुटते. पंधरा कार्बनांची एक सरळ साखळी असते, फार्नेसिल डायफॉस्फेट. इथपर्यंत सगळ्या झाडांचा रस्ता एक. इथे तिठा लागतो. साखळीच्या टोकाचा फॉस्फेटचा भाग गळतो, उरलेला धनभारित तुकडा अस्थिर होतो आणि स्वतःवरच वळतो. तो कसा वळेल हे ज्या विकराच्या पोटात तो बसला आहे ते विकर ठरवते. अकरा अणूंचे वलय झाले तर पुढे कॅरिओफायलीन आणि अल्फा-ह्युम्युलीन होतात. ही दोन एकाच वाटेची असल्यामुळे तेलात बहुधा जोडीनेच सापडतात. दहा अणूंचे वलय झाले तर एका फाट्याने सेलिनीनांकडे जाता येते, दुसऱ्याने अॅरोमाडेंड्रीन, ग्लोब्युलॉल, लेडॉल आणि विरिडिफ्लोरॉल यांच्याकडे. सहा अणूंचे वलय झाले तर बिसाबोलीन आणि बिसाबोलॉल. वलय झालेच नाही आणि साखळीने नुसता पाण्याचा रेणू उचलला, तर नेरोलिडॉल. म्हणजे ट्युनिशियाचे झाड आणि नेपाळचे झाड यांच्यात कच्च्या मालाचा फरक नाही. कोणते विकर अधिक कामाला लागले एवढाच फरक आहे. नायजेरियाच्या नमुन्यातली गोष्ट त्याहून वेगळी. लिमोनीन दहा कार्बनांचे, आणि पेशीत त्याची घडण प्लास्टिडांमध्ये होते, सेस्क्विटर्पीनांची मुख्यतः बाहेर, पेशीद्रवात. तिथल्या पानात सगळा कारखानाच दुसऱ्या इमारतीतला चालू होता.

बीटा-कॅरिओफायलीनचा रेणू मला फार देखणा वाटतो, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. १५ कार्बन, २४ हायड्रोजन, रेणुभार २०४. चार अणूंचे एक चिमुकले वलय आणि त्याला चिकटलेले नऊ अणूंचे मोठे वलय. चार अणूंचे वलय निसर्गात विरळा, कारण त्यातले बंध आपल्या सोयीच्या कोनात राहू शकत नाहीत. त्यात मोठ्या वलयातला एक दुहेरी बंध ट्रान्स रूपात, म्हणजे आडवा ताणून बसलेला. एवढा ताण पोटात घेऊन हा रेणू शांतपणे पानात राहतो. प्रयोगशाळेत तो घडवणे सोपे नव्हते. ई. जे. कोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४मध्ये ते साधले आणि सेंद्रिय संश्लेषणाच्या इतिहासात त्या कामाला मानाचे स्थान आहे. त्या ताणलेल्या बंधाचा दुसरा परिणाम विश्लेषकाने कायम लक्षात ठेवावा असा आहे. हवेतला ऑक्सिजन तिथे चटकन पकडतो आणि कॅरिओफायलीनचे कॅरिओफायलीन ऑक्साइड होते. ताज्या, नीट साठवलेल्या तेलात ते थोडे असते. पाने दिवसेंदिवस उन्हात वाळवली किंवा तेल अर्ध्या भरलेल्या बाटलीत महिनोन्‌महिने राहिले, की ते वाढते. म्हणून एखाद्या तक्त्यात ऑक्साइड फार दिसले तर ते झाडाचे वैशिष्ट्य मानण्याआधी पाने कशी वाळवली आणि बाटली किती दिवस पडून होती हे विचारावे.

या शास्त्राचा भारतातला धागाही छोटा नाही. जॉन सायमन्सन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ. १९१४मध्ये सुरू झालेल्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या दोन प्रवर्तकांपैकी एक. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत त्यांनी हिमालयातल्या चीड वृक्षाच्या टर्पेंटाइनमधून लाँजिफोलीन वेगळे केले. तेही पंधरा कार्बनांचेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. सी. भट्टाचार्य आणि सुख देव यांनी भारतीय वनस्पतींमधल्या टर्पीनांवर जे काम उभे केले त्याने या प्रयोगशाळेचे नाव जगभर झाले. त्या काळात तिथे शिकलेली मराठी मुले पुढे सुगंधी उद्योगांत आणि महाविद्यालयांत पसरली. मुंबईत केळकर घराण्याने १९२२मध्ये सुरू केलेला सुगंधांचा व्यवसाय आज मुलुंडमधून चालतो. खस, चंदन, गवती चहा, केवडा यांच्यावर एवढे काम झालेल्या देशात पेरूचे पान मागे राहिले याचे मुख्य कारण माझ्या मते त्याचा उतारा हे आहे.

हजार किलो ताज्या पानांमागे साधारण एक ते तीन किलो तेल. गवती चहा किंवा निलगिरीच्या मानाने हे अगदी कमी. बनारसच्या वरच्या अंगाला कनौज आणि खालच्या अंगाला गंगेकाठचेच गाझीपूर ही दोन्ही गावे पिढ्यांपासून फुलांचे अर्क आणि अत्तरे काढत आली आहेत. तांब्याची देग, तिच्या तोंडाला मातीने लिंपलेले झाकण, बांबूचा चोंगा आणि पाण्यात बसवलेला भपका हे तिथले सामान. शेणाच्या गोवऱ्या आणि लाकडाच्या आचेवर कारागीर हाताच्या स्पर्शाने भपक्याची ऊब जोखतो. पेरूच्या पानासाठी ही देग चालेल का? चालते, पण अत्तराच्या रीतीने नव्हे. अत्तरात भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते आणि फुलाचा गंध त्यात उतरतो. आपल्याला हवे ते निव्वळ तेल, म्हणजे भपका रिकामा हवा आणि पाण्यावर तरंगणारा थर वेगळा करता यायला हवा. प्रयोगशाळेत हेच काम क्लेव्हेंजरच्या काचेच्या साधनाने तीन-चार तासांत होते.

नवख्या वाचकाला एक शंका हमखास येते. बीटा-कॅरिओफायलीन अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे उकळते आणि देगेतले पाणी तर शंभरालाच उकळते. मग ते वर येते कसे? एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की प्रत्येक आपापला बाष्पदाब देतो, आणि दोघांच्या दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते. तेलाचा वाटा थोडा का असेना, पण असतो. म्हणून ते शंभर अंशांच्या किंचित आधीच वाफेबरोबर निघते, फक्त हळूहळू. पेरूच्या बाबतीत हे ‘हळूहळू’ फार महत्त्वाचे आहे. पहिल्या अर्ध्या तासात पायनीन, लिमोनीन आणि सिनिऑलसारखे हलके घटक येतात; कॅरिओफायलीन, सेलिनीन आणि विशेषतः विरिडिफ्लोरॉलसारखी जड अल्कोहोले मागाहून. देग तासाभरात उतरवली तर तेल हलक्या बाजूला झुकते, चार तास ठेवली तर जड बाजूला. त्याशिवाय वाफेची धग आणि पानातले आम्ल काही नाजूक रेणूंची घडणच बदलतात. जर्माक्रीनांसारखे घटक पानात असतात त्याच रूपात बाटलीत उतरतातच असे नाही. बाटलीतले तेल म्हणजे पानाचे जसेच्या तसे चित्र नव्हे, हे पुस्तक वाचताना वाचकाने सतत ध्यानात ठेवावे.

मग येते यंत्र. जीसी-एमएस म्हणून ओळखले जाणारे हे साधन दोन कामे करते. तीस मीटर लांबीच्या केसासारख्या नळीतून वाफ पाठवून ते घटक एकेक करून बाहेर काढते आणि प्रत्येकाचे तुकडे करून त्या तुकड्यांचे वजन मोजते. तुकड्यांचा तो नमुना संगणकातल्या संग्रहाशी जुळवला की नाव मिळते. सोपे वाटते, आणि याच सोपेपणाने पेरूच्या तेलाच्या कित्येक तक्त्यांचे नुकसान केले आहे. पेरूच्या पानातल्या सेस्क्विटर्पीन हायड्रोकार्बनांचा रेणुभार एकच, २०४. त्यांचे तुकडेही भावंडांसारखे एकसारखे होतात. निव्वळ संग्रहाच्या शिफारशीवर विसंबले तर सेलिनीनचे कॅडिनीन आणि ग्लोब्युलॉलचे विरिडिफ्लोरॉल व्हायला वेळ लागत नाही. त्यावरचा उपाय जुना आहे. एर्व्हिन कोवाट्स यांनी १९५८मध्ये सुचवला तो धारणांक. सरळ साखळीच्या अल्केनांची मालिका त्याच नळीतून सोडायची आणि आपला घटक कोणत्या दोन अल्केनांच्या मध्ये बाहेर पडला ते अंकांत मोजायचे. नेहमीच्या अध्रुवीय नळीवर बीटा-कॅरिओफायलीन १४१८च्या आसपास, अल्फा-ह्युम्युलीन १४५३च्या आसपास, कॅरिओफायलीन ऑक्साइड १५८२च्या जवळ. तुकड्यांचा नमुना आणि हा अंक दोन्ही जुळले तरच नाव लिहावे. लिमोनीन आणि १,८-सिनिऑल या नळीवर इतके लागून बाहेर पडतात की कमी सावध डोळ्याला ते एकच शिखर दिसते. पेरूच्या तेलात ही दोन नावे नेमकी वादाची आहेत, म्हणून ध्रुवीय नळीवर पुन्हा तपासल्याखेरीज त्यांची टक्केवारी स्वीकारू नये. शिवाय छापलेली टक्केवारी बहुधा शिखराच्या क्षेत्रफळाची असते, वजनाची नव्हे.

आता काढा आणि तेल. पुण्यापासून जवळच, पुरंदर तालुक्यात परिंचे खोरे आहे. तिथल्या पेरूच्या पानांवर मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत तन्नाझ बिर्डी, पूनम दासवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले आणि ते २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. मला ते काम आदर्श वाटते, कारण त्यांनी ‘जंतू मरतात का’ एवढ्यावर न थांबता अतिसाराच्या एकेका पायरीवर काढा काय करतो ते तपासले. शिगेला आणि कॉलऱ्याच्या जंतूंवर काढ्याचा थेट परिणाम दिसला. रोगकारक ई. कोलायचे आतड्याच्या पेशींना चिकटणे कमी झाले. कॉलऱ्याच्या विषाचे उत्पादन आणि त्याचे पेशीला जोडले जाणे दोन्ही घटले. रोटाव्हायरसवर मात्र काही परिणाम नव्हता, आणि तेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. पानातले नावाजलेले क्वेर्सेटिन वेगळे घेऊन तपासले तर ते जंतूही मारत नव्हते आणि विषावरही चालत नव्हते. जंतूंच्या चिकटण्यावरही त्याचा परिणाम नव्हता, त्यांचे पेशीत शिरणे तेवढे ते रोखत होते. म्हणजे काढ्याचा गुण एका रेणूत नाही.

या सगळ्या कामात सुगंधी तेल कुठेच नाही. काढ्यात उतरतात ती टॅनिने आणि फ्लॅव्होनॉइडे. ती वाफेबरोबर येत नाहीत. जपानमध्ये २०००पासून आरोग्यविषयक दाव्यासह विकायला मान्यता असलेला पेरूच्या पानांचा चहा आहे. तोही पाण्यात उतरणाऱ्या पॉलिफेनॉलांवर उभा आहे. उलट, काढा उघड्या भांड्यात उकळताना तेलाचा बराच भाग वाफेबरोबर उडून जातो. काढ्याची पुण्याई तेलाच्या बाटलीवर छापणे हा रुग्णाशी केलेला अन्याय आहे. पोट बिघडले म्हणून कोणी हे तेल चमच्याने प्यायले तर ते घातक ठरू शकते. बीटा-कॅरिओफायलीन शरीरातल्या सीबी-२ या ग्राहीला जोडले जाते हे युर्ग गेर्च आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये दाखवले. मिरीतला रोजचा रेणू असे काही करतो ही गोष्ट विलक्षणच आहे. पण त्यावरून पेरूच्या तेलाची मात्रा ठरत नाही, आणि ज्या तेलात कॅरिओफायलीन पाच टक्के आहे की पंचवीस हेच माहीत नाही त्याबाबतीत तर मुळीच नाही.

तेलाचे खरे काम मला दोन ठिकाणी दिसते. एक बनारसमध्येच. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एन. के. दुबे यांच्या गटाने वर्षानुवर्षे निरनिराळ्या वनस्पतींची सुगंधी तेले साठवलेल्या धान्य-मसाल्यांवरच्या बुरशीविरुद्ध आणि ती बुरशी सोडते त्या अफ्लाटॉक्सिनविरुद्ध तपासली आहेत. दमट हवेच्या या मैदानात तो प्रश्न पोटापाण्याचा आहे. पेरूचे तेल या कसोटीला लावायचे तर आधी कोणते पेरूचे तेल हे सांगावे लागेल. दुसरे ठिकाण संत्र्याच्या बागांचे. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात शेतकऱ्यांनी संत्रावर्गीय झाडांमध्ये पेरू लावला आणि ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिल्ला कमी झाल्याचे पाहिले. पुढच्या संशोधनात चुरगाळलेल्या पेरूच्या पानातून डायमिथाइल डायसल्फाइड सुटते आणि त्याचा सिल्लावर परिणाम होतो असे दिसले. हीच सिल्ला नागपुरी संत्र्याच्या बागांना सतावते. यातली गोम अशी की हा गंधकाचा रेणू पान जखमी झाल्यावर क्षणात तयार होतो आणि उडून जातो. ऊर्ध्वपातित तेलात तो शोधायला जाणे व्यर्थ. बागेत उभे असलेले झाड जे करते ते बाटली करीलच असे नाही. कॅरिओफायलीनही सिल्लाला दूर ठेवते असे दाखवणारे प्रयोग झाले आहेत, आणि ते मात्र बाटलीत असते. संत्र्याच्या बागायतदाराला कोणता उपाय सांगायचा हे या दोन रेणूंतल्या फरकावर अवलंबून आहे.

आता पुन्हा सरदारकडे. दाब कलमाने वाढवलेले प्रत्येक सरदारचे झाड वंशाने एकच झाड असते. कौशांबीच्या गाळाच्या जमिनीत, दाट धुक्याच्या थंडीत उभे असलेले सरदारचे कलम आणि राहात्याच्या काळ्या जमिनीत, कोरड्या हवेत उभे असलेले सरदारचे कलम यांच्यात जनुकांचा फरक नाही. दोन्हीकडून एकाच पद्धतीने पान घ्यावे: शेंड्यापासून तिसरी जोडी, सकाळची वेळ, सावलीतले वाळवण, देगेवर सारखाच वेळ, तीच नळी. मग तेलात जो फरक उरेल तो माती-हवेचा. आणि एकाच बागेत सरदार, सफेदा आणि सुर्खा यांची पाने एकाच दिवशी घेतली तर जो फरक दिसेल तो वाणाचा. जगभरच्या तक्त्यांत हे दोन फरक एकमेकांत मिसळलेले आहेत. ते वेगळे करण्याची एवढी सोपी सोय आपल्या हाताशी आहे, ती १९२७मधल्या गणेशखिंडच्या त्या निवडीमुळे. मराठी प्रयोगशाळांनी हे काम करावे असे मला फार मनापासून वाटते.

कच्च्या मालाची वाणही नाही. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण फलोद्यान संस्थेने रूढ केलेल्या अतिघन लागवडीत दोन बाय एक मीटरवर, हेक्टरी पाच हजार झाडे बसतात आणि वर्षातून अनेकदा छाटणी होते. महाराष्ट्रात मृग बहार धरायचा की हस्त, यावर छाटणीचा महिना ठरतो. प्रत्येक छाटणीनंतर पानांचे ढीग पडतात आणि जाळले जातात. त्यांतून तेल काढणे परवडेल का, याचे सरसकट उत्तर मी देणार नाही. दोन किलो तेलासाठी टनभर पाने, तेवढ्यासाठी लागणारे जळण आणि मजुरी, आणि समोर ‘नक्की काय आहे यात?’ असे विचारणारा खरेदीदार. विरिडिफ्लोरॉलचे तेल आणि लिमोनीनचे तेल यांना एकच भाव मिळणार नाही. ज्या बागेला आपल्या तेलाची घडण वर्षभर, बहारागणिक ठाऊक असेल, तिलाच या व्यवहारात बोलता येईल.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात. पहिले प्रकरण पान खुडण्याचे आहे आणि ते मुद्दाम लांबवले आहे. नमुन्याच्या पिशवीवर वाण, गाव, जमीन, महिना, बहार, पानाचे वय आणि वाळवण्याचे दिवस लिहिलेले असावेत. यांतली एक जरी नोंद नसली, तर तो नमुना पुढच्या तक्त्यांत घेतलेला नाही.